कवळी आनि क्लारनेट

आमचा वाडा, म्हंजे वस्ती, म्हसा गावाच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला. बाप सनईवाला, मंग बँडचा जमाना आला तवा त्यानंच सनई ठेवून क्लारनेट धरली, आनि ती माझ्याकडं आली. पावसात भात, बाकी वर्षभर बँड. लगीन असो, पालखी असो, म्हातारं मानूस गेलेलं असो, आजूबाजूच्या गावांत आमीच. नोटेशन बिटेशन कुनाला येत नाय, क्लारनेट जाईल तिकडं ट्रंपेट, ढोल, खुळखुळा मागनं येतात.

काय सांगू तुमाला, औंदा माझे दातच गेले. हलायला लागलेले, मुरबाडला डॉक्टरनी सगळे काढले, कवळी बसवली. बायको बोलली, नवरदेव दिसता. पन क्लारनेट तोंडात धरली की वरची कवळी घसरायची, आनि एकदा तर क्लारनेटीबरोबर भायेरच आली. पावडर लावून बघितली, उपेग नाय. मी पार खचलो होतो, खरं सांगतो. मी थांबलो की बँड थांबला, हे बँडच्या पोरांनाबी म्हाईत होतं.

त्यातच शेजारच्या काशिनाथच्या सुगंधाचं लगीन निघालं. मी बोललो, काशा, डीजे सांग. तो बोलला, दादा, डीजे हळदीला वाजंल, शिवेवर काय करू? आमच्याकडं रीत हाय, वाड्याचा बाजा गावाच्या शिवेवर गेल्याबिगर नवरा गाडीतनं उतरत नाय. मी हो बोललो.

लग्नाच्या दिवशी शिवेवर उभा राहिलो, फुंकलं, नुसती हवा. परत फुंकलं, तेच. नवरा गाडीत घामाघूम, वरबाप घड्याळ बघतोय, करवल्या तोंडाला पदर लावून हसतायत, काशिनाथचं तोंड उतरलेलं. माझी बायको पार्वती आरतीचं ताट घेऊन उभी होती, ती जवळ येऊन हळूच बोलली, अवो, काढून टाका की ती. मी बोललो, येवढ्या लोकांत? ती बोलली, लोकं काय तुमचे दात बघाया आल्यात? मंग पाठ फिरवली, कवळी काढून तिच्या पदरात दिली, ओठ आत दुमडून हिरडीवर क्लारनेट धरली आनि फुंकलं. आला आवाज. पयल्यापेक्षा मऊ, पन आला. मागनं ढोल पडला, नवरा उतरला, आनि काशिनाथ सगळ्यांदेखत रडला, पोरगी जायच्या आधीच.

आता कवळी मी फक्त मटनाला लावतो. पोरं बोळका मास्तर बोलतात, बोलू दे. लय हलकं वाटतं बघा. तुमच्या घरी कार्य निघू दे, पोरंबाळं सुखी राहू दे, आमी शिवेवर येऊ. देवानं दात नेले, फुंक ठेवली, लय झालं.