टोपी सरळच हवी

सन्माननीय अध्यक्ष फादर विल्मर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो त्या आपल्या मुख्याध्यापिका मदर एस्कोलास्तिका, सर्व शिक्षक, आणि मागे बसून गरम साल्तेन्या कधी खायला मिळतात म्हणून टोपल्यांवर डोळा ठेवणाऱ्या माझ्या बाजारातल्या मैत्रिणींनो,

मी दोन्या फ्लोरा चोकेवांका. इथे एल आल्तोच्या बाजारात वाळवलेले बटाटे विकते. माझा आवाज पलीकडच्या गल्लीत जातो, तेव्हा हा माईक बाजूला घेतलात तरी चालेल.

मदर कडक, हे मी सांगायला नको. माझी नायदा शाळेत पहिली आली, त्या वर्षीच्या पालकसभेत त्यांनी फर्मान काढलं, "पदवी समारंभ देवाच्या शाळेचा आहे. आयांनी साधा, गडद झगा घालून यावं. तो घेरदार पोयेरा घागरा नको, टोपी नको." आता आपल्याकडे मुलीला हाताला धरून मंचापर्यंत आईच नेते. ज्या पोयेराच्या घेरात तोंड लपवून पोर लहानाची मोठी झाली, तो घेर नेमका त्या दिवशी घरी ठेवायचा? मी का परक्या बाईसारखी तिच्या शेजारून चालू?

गेले मी. नारिंगी पोयेरा, आत परकरावर परकर, झालरीची शाल आणि डोक्यावर ही गोल टोपी. दारातच मदर उभ्या.

"दोन्या फ्लोरा, काय ठरलं होतं?"

"तुम्ही ठरवलंत, मदर. आम्ही नुसतं ऐकलं."

"निदान टोपी तरी काढा."

"तुम्ही डोक्यावरचं वस्त्र काढा, मी टोपी काढते."

माझा नवरा सेवेरो भिंतीला चिकटला. नायदाने मात्र माझा हात सोडला नाही. म्हणाली, "मदर, आई बाहेर तर मीही बाहेर. पदक राहू द्या तुमच्याकडेच."

 मदरनी माझी टोपी उचलली, जरा वेळ नायदाकडे पाहत राहिल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, टोपी परत माझ्या डोक्यावर ठेवली. पण कशी? कलती! सरळ टोपी लग्न झालेलीची, कलती एकटीची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मदर पडल्या स्पेनच्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सेवेरो, गेली रे बायको हातची!" सगळे पोट धरून हसले. कारण कळल्यावर मदर कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी स्वतः टोपी सरळ केली, आणि माझा दुसरा हात धरून आम्हा मायलेकींबरोबर मंचापर्यंत चालत आल्या. काय सांगू, अभिमानाने माझा ऊर भरून आला होता!

तेव्हापासून या दारात कुठल्याही आईला कपड्यांवरून कुणी अडवलं नाही. आणि ती बघा नायदा. याच शाळेत गणित शिकवते, पोयेरा घालून.

सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर बाजारातल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

नायदा, ती टोपी आण गं. मदर, आम्ही आयांनी तुमच्यासाठी घेतली आहे. आज नियम आमचा, नाही म्हणायचं नाही. जरा वाका. आणि हो, स्पेनला गेल्यावरही सरळच घाला. आम्ही इतक्या जणी असताना तुम्ही एकट्या कशा?