गुरूचा बारावा चंद्र

(हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातलं घर. १९५३ सालच्या कार्तिकातली दुपार. सासरहून आलेली लेक ठकू दाराकडं पाठ करून बसली आहे. बाप हैबती नुकताच भोरहून चालत आला आहे.)

भामाबाई : पाय तरी धुवा. आल्या आल्या तिच्याशी काय बोलताय? सतरा दिस झालं, भिंतीशी बोलल्यागत हुतंय.

हैबती : थांब गं. भोरापास्नं घोकत आलोय, पाय धुस्तवर इसरंल. ठकू, ऐक. लोकर इकाया गेलो तवा पेठंत तुजं गुरुजी भेटलं.

भामाबाई : सावळाराम गुरुजी? हितल्या शाळंतलं?

हैबती : तेच. भोरला बदली झालीया. म्हणालं, ठकूबाई काय करती? चौथीत आभाळातलं समदं तोंडपाठ हुतं तिला. मंग सांगितलं म्या.

भामाबाई : काय सांगितलंत?

हैबती : काय सांगणार. ल्योक झाला आन् गेला. सासरास्नं, विंझरास्नं आणलीया तिला, पर बोलत न्हाई. गुरुजींनी मला तिथंच बाजूला बसवलं. मंग तीन गोष्टी पाठ करून घेतल्या माज्याकडनं. म्हणालं, येवढं तिला सांगा. पैली. सुर्व्याच्या पोटात तेरा लाख पृथ्व्या मावत्यात.

भामाबाई : पोरीच्या पोटात अन्न न्हाई, आन् तुमी तेरा लाख...

हैबती : दुसरी. गुरूला बारा चंद्र हायेत.

ठकू : अकरा.

भामाबाई : अगं बया!

हैबती : गप. काय म्हणालीस, पोरी?

ठकू : गुरूला अकरा.

हैबती : गुरुजी म्हणालंच, ती अकरा म्हणंल. तुज्या येळंला अकराच हुतं. मागनं एक सापडला. लई बारका हाय म्हणं.

ठकू : सापडला म्हंजी नवा न्हवं. हुताच त्यो. कुणाला दिसला न्हवता.

हैबती : व्हय. तसंच आसंल.

भामाबाई : भाकरी आणू का गं?

ठकू : तिसरी काय?

हैबती : तिसरी... बुध. बुधाचं वरीस अठ्ठ्याऐंशी दिसांचं.

ठकू : ठावं हाय.

हैबती : झालं. तीनच हुत्या.

ठकू : बावीस दिस म्हंजी तिथलं पाव वरीस.

हैबती : बावीस?

ठकू : बावीस दिस जगला त्यो. सासूबाई म्हणत्यात, बावीस दिसांचं काय येवढं.

भामाबाई : आसं म्हणाल्या?

ठकू : मला रडू आलं न्हाई, आये. तवा बी न्हाई, आता बी न्हाई. काल चुलीवर हात भाजला, त्यो बी वास आल्यावर कळला.

भामाबाई : बघू. बघू दे हात.

हैबती : म्या निगालो हुतो, पोरी, त्याला बघाया. पावसानं वाट तुटली, नदीवरनं माघारी आलो. दुसऱ्यांदा निगालो, तर त्यो गेल्याचा निरोप वाटंतच गाठ पडला.

ठकू : ठावं हाय.

हैबती : आमी दोगांनी त्याला बघितलंच न्हाई.

ठकू : कसा हुता म्हणून कुणी इचारलं बी न्हाई मला.

हैबती : मंग म्या इचारतो. कसा हुता?

ठकू : कान तुमच्यावानी हुतं, आबा. मोठं.