सपाट रेघ

— नाय, बसणार नाय मी. आणि नंबर लावूनच आत आलेय, तुमच्या त्या बाहेरच्या पोरीला विचारा. पेशंट? पेशंट कोणी नाय. हा कागद बघा — सही तुमचीच ना डॉक्टर? वरचं नाव वाचा. नवऱ्याचं नाव मी घेत नाय, तुम्ही वाचा. हां, तेच. माझे कारभारी. पिंपळगावचे, द्राक्षबागवाले, पोट गच्च होतंय म्हणून आले होते. महिना झाला. तुम्ही त्यांच्या पोटावर मशीन फिरवलं — पाच मिनिटं, पाच पण नाय — आणि मला नि लेकाला आत बोलावून आमच्यासमोर विचारलं, दारू किती घेता. घेत नाय म्हणाले. तुम्ही हसलात. हसलात, मी बघितलं. वर म्हणालात, लिव्हरमधल्या रक्ताची रेघ सपाट हाय, लिव्हर कडक झालंय, रेघ खोटं बोलत नाय.

मग माणूस खोटं बोलतो, असंच झालं ना? आमचा ज्ञानेश बापाचा फोटो घेऊन गावातल्या दारूच्या दोन्ही दुकानांत विचारून आला, हे इथं येतात का म्हणून. मी फवारणीच्या बाटल्या हुंगल्या एकेक. खोलीतल्या, शेडमधल्या, सगळ्या. आणि भंडारा उचलायला लावला त्यांना, खंडेरायाचा. उचलला त्यांनी. मुकाट उचलला. तर मी म्हणाले, देवाची पण खोटी आण घेता — जाऊ द्या, मी काय म्हणाले ते तुम्हाला कशाला सांगतेय. ते घरातलं झालं.

परवा दुसरीकडे दाखवलं. इथंच, नाशकात, दोन चौक पलीकडे. त्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघायच्या आधी यांच्या छातीकडे बघितलं. म्हणाल्या, दादा, दम का धरलाय? यांना ठाऊकच नाय धरलाय ते. तीस वर्षं बागेत औषध मारलं डॉक्टर, तोंडाला फडकं बांधून. अंगावर गार तुषार आला की दम धरायचा, ओळ संपली की सोडायचा — हाडात मुरलेली सवय. तुम्ही पोटावर ते गारगार जेल ओतलंत, यांनी दम धरला. मी तर सांगते, बंडी काढतानाच धरला असेल. बाई म्हणाल्या, सोडा, हळूहळू घ्या, हळूहळू सोडा. आणि रेघ लागली की हलायला. पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं त्यांनी. श्वास घेतला की छाती रक्त वर ओढते, छातीच्या तळाचा स्नायू वरनं लिव्हर दाबतो, रक्ताची चाल बदलते — सोडला की परत बदलते. म्हणून रेघ वरखाली पाहिजे. लिव्हर कडक झालं तर सपाट होते, आणि नुसता दम धरला तरी सपाट होते. मला अडाणीला कळलं. तुम्हाला पेशंटच्या छातीवर एक नजर टाकता आली नाय? लिव्हर चांगलं हाय त्यांचं. पित्त होतं, पित्त.

माफी नको मला. त्यांना फोन लावा. माझ्यासमोर लावा, सांगा, चूक माझी, डॉक्टरची, बायकोची नाय. घ्या नंबर — अठ्ठ्याण्णव — घरी? घरी नाहीत ते. परवापास्नं नाहीत. रिपोर्ट चांगला आला तसे आम्ही स्टँडवर आलो, मी म्हणाले रस घेऊ, बर्फ न घालता घेऊ. हसून म्हणाले मी. महिन्यानं हसले असेन. तर सटाण्याची गाडी लागलेली, तिकडं बहीण असती त्यांची. पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून म्हणाले, "तो डॉक्टर परका होता गं. तू चाळीस वर्षं माझ्याशेजारी निजलीस. एकदा तरी वास आला का तुला?"

नव्हता आला.

काय सांगणार तुम्ही फोनवर? ठेवा. ठेवा म्हणते ना खाली. आणि बाहेर ती बाई सकाळपास्नं उपाशीपोटी बसलीये — घ्या तिला आत.