आडाचं पाणी चांगलं आहे

(कोल्हापूर जिल्ह्यातलं एक खेडं. चैत्र, १९६५. भर दुपारी शाळेची एक खोली. शेजारच्या दोन वर्गांत कॉलऱ्याचे रोगी ठेवलेले.)

मामलेदार : सही करा म्हणतोय डॉक्टरीणबाई, कुणाच्या गळ्याला सुरी लावा म्हणत नाही.

पद्मजा : या सहीनं तेच होईल, अशी भीती वाटतेय मला.

मामलेदार : आडात ब्लिचिंग पावडर टाकल्यावर पाणी तुम्हीच तपासलंत. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा स्वच्छ निघालं. मग ‘पाणी चांगलं आहे, जत्रेस हरकत नाही’ एवढं लिहायला हात का अडतोय?

पद्मजा : भिंतीपलीकडे चौदा खाटा आहेत, रावसाहेब. पहिले नऊ आडाच्या पाण्यानंच पडले, ते मान्य. पण आडात पावडर टाकून आज आठ दिवस झाले. हा रोग पोटात पाच दिवसांच्या वर दडून बसत नाही. उरलेले पाच परवा आले. ते कुठून आले?

मामलेदार : हे मला विचारता? अहो, त्यासाठी तर सरकारनं तुम्हाला पाठवलं! ‘बाई सांगतील तसं करा’ असा कलेक्टरसाहेबांचा हुकूम आहे मला. आणि बाईच काही सांगेनात. परवा जत्रा. हुपरीपासून चंदगडापर्यंतची माणसं येणार, एसटीनं जादा गाड्या लावल्यात. बंद करा म्हणा, आत्ता करतो. पण कारण द्या. नुसतं ‘बाईंना भीती वाटते’ म्हणून भैरोबाची जत्रा मोडली, तर लोक मला वेशीतच पुरतील.

पद्मजा : वाटतेच भीती. हा कॉलरा नवा आहे. चार वर्षांपूर्वी इंडोनेशियात निघाला, देश ओलांडत ओलांडत गेल्या साली आपल्याकडं आला. दहाजणांच्या पोटात शिरला तर एखाद-दुसराच आजारी पडतो. बाकीचे ठणठणीत. ते जेवतात, गाडीत बसतात, घरी जातात आणि तिथल्या ओढ्याकाठी परसाकडं बसतात.

मामलेदार : आणि जत्रेला दहा हजार माणूस.

पद्मजा : मग हे गाव राहत नाही, रावसाहेब. मग जिल्हा.

मामलेदार : मला घाम फोडू नका. कारण द्या, कारण!

पद्मजा : त्यासाठीच गुरवांना बोलावलंय. देवळाला लागूनच आड आहे, दिवसभर ते तिथंच असतात. या केरबा, आत या.

केरबा : रामराम रावसायेब. रामराम बाई. मला का बलिवलंसा?

पद्मजा : बसा. तुमच्या आळीतली बायडाबाई आज सकाळी गेली.

केरबा : व्हय. वाईट झालं. लय सोवळ्याची म्हातारी. लेकीच्या घरचंबी पाणी कवा प्याली न्हाय.

पद्मजा : घरी तरी उकळून पीत होती का?

केरबा : तुमच्या नर्सबाईनं सांगिटल्यापास्नं उकळूनच की. मरणाची भ्याली हुती ती. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधून बसायची.

पद्मजा : मग तिला कसा लागला रोग?

केरबा : म्या अडाणी काय सांगू? फेरा आलाय. कुणाला न्ह्यायचं ते त्योच ठरवतोय.

पद्मजा : ती घराबाहेर कुठं जायची?

केरबा : कुटंबी न्हाय. देवळात, तेवडीच.

पद्मजा : देवळात काय घ्यायची?

केरबा : काय घ्यायची म्हंजी? तीर्थ. समदीच घेत्यात. त्येला काय इचारायचं?

पद्मजा : तीर्थाचं पाणी कुठलं, केरबा?

केरबा : आडाचं.

पद्मजा : नक्की?

केरबा : आडाचंच म्हनलो न्हवं!

पद्मजा : मग त्याला पावडरीचा वास येत असेल.

केरबा : ह्या! देवाच्या पाण्याला कसला वास आलाय?

मामलेदार : आडाच्या पाण्याला येतो. सकाळी मी नाक दाबून प्यालोय. केरबा, खरं सांग.

केरबा : रावसायेब, लोकं मला जित्ता ठेवायची न्हाईत.

पद्मजा : तुम्हाला कुणी हात लावणार नाही. पण न सांगता उठलात, तर उद्या आणखी खाटा लागतील. कुठून आणता पाणी?

केरबा : ओढ्यातनं. वडाखाली वाळूत झरा हाय. काचंवानी पाणी, बाई! तुमी आडात ती पावडर टाकलीसा आन् दुसऱ्या दिशी देवाला घागर घाटली, तर गाभाऱ्यात दवाखान्याचा वास सुटला. माझं काळीजच हाललं. आदीच माणसं मरायल्यात, त्यात द्येव कोपला तर कुणाच्या दारात जायाचं? म्हनून रोज उजाडायच्या आदी झऱ्यावनं आणतोय. कुणाला बोललो न्हाय. वंगाळ काय केलं न्हाय म्या!

पद्मजा : झऱ्याच्या वरच्या अंगाला काय आहे?

केरबा : बायका धुणं धुत्यात.

पद्मजा : कसलं धुणं?

केरबा : ह्येच की. दुखणेकऱ्यांची धडुती, भरल्याल्या वाकळा... आरं द्येवा. आरं माझ्या द्येवा.

मामलेदार : किती माणसं घेतात तीर्थ?

केरबा : आदी पन्नासएक घ्यायची. पटकी आल्यापास्नं समदा गाव येतोय. भ्यालेला माणूस दुसरीकडं कुटं जाणार? वाड्यावस्त्यांवरची येत्यात, बाटल्या भरून न्हेत्यात.

पद्मजा : बाटल्या!

मामलेदार : मिळालं कारण. लिहितो बघा. ‘सदर गुरव याने दूषित पाणी लोकांस पाजून...’

पद्मजा : तसं नाही. आधी मी सांगते ते लिहा. आडात पावडर टाकण्याची सूचना माझी. त्या वासानं माणसं ते पाणी सोडतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीन वेळा आड तपासला, पण लोक काय पितात ते एकदाही विचारलं नाही.

मामलेदार : हे कलेक्टरसाहेबांना धाडू? बाई, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेताय.

पद्मजा : तीन तालुक्यांत माझ्याच कागदावर पावडर टाकतायत, रावसाहेब. तिथंही देवळं आहेत. त्यांना आजच्या आज कळायला हवं. आणि इथं जत्रा बंद. जादा गाड्या बंद. झऱ्याला काटेरी कुंपण घाला, वस्त्यांवर माणसं पाठवून बाटल्या ओतायला लावा. तीर्थही बंद.

मामलेदार : जत्रेचं मी बघतो. पण तीर्थ बंद म्हणून गावाला सांगायचं कुणी? पोलिसांनी?

पद्मजा : पोलिसांनी सांगितलं तर लपून पितील.

केरबा : म्या सांगतो. देवळाच्या दारात हुबं ऱ्हाऊन सांगतो.

पद्मजा : अंगावर येतील तुमच्या.

केरबा : येऊ देत. पर बाई, पाणी प्याल्यावर किती येळानं लागतंय ह्ये?

पद्मजा : कधी काही तासांतच. कधी पाच दिवसांनी. का हो?

केरबा : माजी लेक आलीया जत्रंला. बनाबाई. सातवा म्हैना लागलाय तिला. आज सकाळी तीर्थ दिलं. सगळ्यास्नी पळीभर देतो, तिला तांब्याभर दिलं. म्हनलं, दोन जिवांची हाय, द्येव जास्त राखंल.

पद्मजा : आता कशी आहे ती?

केरबा : भाकरी थापायलीया. चांगली हाय. मगाशी हसत हुती की.

मामलेदार : केरबा, बस खाली. कुणी आहे का रे, याला जरा पाणी... नको, राहू दे.

पद्मजा : रावसाहेब, खिडकीजवळची खाट मोकळी करून ठेवायला सांगा. आणि तालुक्याहून सलाईन मागवा, असेल तेवढं. चला केरबा, घर दाखवा मला.

केरबा : बाई, तिला तुमी काय सांगू नका. म्याच सांगतो. नगं म्हनत हुती ती, आत्ताच च्या झालाय म्हनत हुती. माज्या हातात तांब्या बगिटला, म्हनून प्याली.