ओयामेल नव्हे
डोंगरातल्या बसथांब्यावर रेमेदिओस बसली होती. नाताळात विकायला तोडलेल्या ओयामेल या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या पायाशी होत्या, त्यांवर तिची शाल. शेजारी एक म्हातारं जोडपं; म्हातारीच्या हातातही फळं धरलेली तसलीच एक फांदी. ती नवऱ्याला म्हणाली,

"अहो, फळं वर तोंड करून उभी आहेत. सुया बोचत नाहीत. ओयामेलच आहे हे."

"नाही गं उर्सुला. तसं दिसणारं दुसरंच काहीतरी आहे."

"एलिहिओनं स्वतः परसात लावलं. सीमेपलीकडे जाताना म्हणाला, आई, याला फळं धरली की परत येतो."

"म्हणाला होता खरा."

"तिसऱ्यांदा फळं धरली, अहो!"

"म्हणून तर सांगतोय, ओयामेल नाही ते. या ताईंना विचार. काय हो ताई, तुम्ही इथल्याच ना? हे ओयामेल आहे का?"

म्हातारा फांदीकडे बघतच नव्हता, रेमेदिओसकडे बघत होता.

तिनं फांद्यांवरची शाल आणखी खाली ओढली. "नाही हो आजी. ओयामेल नव्हे."

"नव्हे?"

"नव्हे."

"मग माझ्या लेकाचा शब्द कुठं मोडला? रोपवाल्यानंच फसवलं मेल्यानं! अहो, आजच खरं ओयामेल आणून लावू या."

"लावू."

"त्याला फळं धरायला किती वर्षं लागतात?"

"आपल्या दोघांना पुरतील एवढी."