उजवीकडे दोन अंश

लोवेल : बसत नाही म्हणजे काय? जोर लाव.

व्हर्न : जोर लावला तर इंजिनावरचं टोपण तडकेल. इंजिनाचं नाक मधोमध नाहीच. चांगलं दोन बोटं बाजूला गेलंय.

लोवेल : टोपण वाकडं असेल. तू धरलंयस म्हणजे असणारच.

व्हर्न : टोपण सरळ आहे, लोवेल. इंजिन ज्या चौकटीवर टांगलंय ना, ती तू उलटी केलीयस.

लोवेल : काय म्हणालास?

व्हर्न : उडताना विमान डावीकडे ओढतं, म्हणून ड्रॉइंगमध्ये इंजिनाचं तोंड उजवीकडे वळवलंय, दोन अंश. तू वळवलंस डावीकडे. आरशात बघून केल्यासारखं.

लोवेल : अख्खा जन्म गोदीत बोटी जोडल्या मी. आता डावं-उजवं तू शिकवणार? तुझ्या विमानाची शेपटी तर कुंपणात सापडली होती!

व्हर्न : सापडली होती. विमानांच्या क्लबात सगळ्यांसमोर ती हातात धरून तू विचारलंस, हा जोड कुणी केला, कोंबडीनं का? अजून मला लोक कोंबडी म्हणतात.

लोवेल : थांब. तुला हे आज दिसलेलं नाही. आज दिसलं असतं तर तू ओरडला असतास.

व्हर्न : चौकटीच्या नळ्यांना वेल्डिंगचे पहिले टाके मारलेस, तेव्हाच दिसलं.

लोवेल : म्हणजे सगळा हिवाळा इथं बसून माझी कॉफी ढोसलीस, आणि गंमत बघितलीस?

व्हर्न : कॉफी आर्डिसची होती.

लोवेल : चालता हो माझ्या गॅरेजमधून.

आर्डिस : त्याला कशाला हाकलतोस? त्याला मी गप्प बसवलं होतं.

लोवेल : तू आत जा. बायकोनं बोलायचं हे काम नाही.

आर्डिस : आकडे वाचताना चालत होतं की. पेन्सिलीची अक्षरं तुला दिसेनात, मग इथं उभी राहून ड्रॉइंग तुला कोण वाचून दाखवत होतं?

लोवेल : म्हणजे तू चुकून...

आर्डिस : चुकून नाही. लिहिलं होतं उजवीकडे, मी वाचलं डावीकडे.

लोवेल : आर्डिस, का?

आर्डिस : तुला दिसतं का ते बघायला. डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग गेला. तू म्हणालास, डॉक्टर गाढव आहे. म्हटलं, बघू या गाढव कोण ते. डोळे धड असतील तर सकाळी चौकट बघून शिव्या देत आत येईल. वाट बघत बसले होते मी. तू आलास आणि म्हणालास, झकास जमलीय.

व्हर्न : पुरे कर, आर्डिस.

आर्डिस : मग म्हटलं, आठवड्यानं तरी कळेल. तू आपला शिट्टी वाजवत एकेक जोड पक्का करत गेलास.

लोवेल : आणि तू शिट्टी ऐकत बसलीस. तोंडानं सांगता येत नव्हतं?

आर्डिस : सांगितलं होतं. या डोळ्यांनी उडू नकोस म्हटलं. तर लेकीच्या देखत तू म्हणालास, म्हातारीला लोकर आणून द्या, विणत बसेल.

लोवेल : जूनमध्ये नजर तपासतील. गाडीचा परवाना जाईल, त्याच्यामागोमाग हे उडणंही जाईल. त्याआधी एकदा वर जायचं होतं. एकदाच. तुला नेणार नव्हतो, घाबरू नकोस.

आर्डिस : माहीत आहे. एका सीटचं विमान निवडलंस, तेव्हाच कळलं.

लोवेल : व्हर्न, जोड कसे आहेत? खरं सांग. कोंबडीचं विसर.

व्हर्न : जोड सुंदर आहेत. डोळे धड होते तेव्हासुद्धा इतके चांगले कधी केले नव्हतेस तू.

लोवेल : वेल्डिंगची ज्योत दिसते मला. मान तिरकी केली की कडेनं दिसते.

आर्डिस : आणि धावपट्टी?

लोवेल : व्हर्न, करवत दे.

(करवतीचा आवाज. बऱ्याच वेळानं एक नळी फरशीवर पडते.)

लोवेल : पुन्हा करतो. तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत होईल. तू ड्रॉइंग वाच.

व्हर्न : मी नाही वाचणार.

लोवेल : का? अजून सूड पुरा झाला नाही?

व्हर्न : बरोबर वाचलं तर तू उडशील, लोवेल. मग तुझी शवपेटी खांद्यावर घेऊन चर्चमध्ये मला हिच्यासमोरून जावं लागेल.

लोवेल : भित्रट. जा, घरी जाऊन अंडी घाल.

व्हर्न : येतो, आर्डिस.

आर्डिस : शुक्रवारी मासे तळणार आहे. बायकोला घेऊन ये.

लोवेल : गेला?

आर्डिस : तुझ्यासमोरून गेला.

लोवेल : आता कोण वाचणार?

आर्डिस : मी आहे ना. सरक, ड्रॉइंग दे इकडे. कुठून सुरू करू?

लोवेल : या खेपेला खरं वाचशील, कशावरून?

आर्डिस : कशावरूनच नाही.