ताई, धुऊ नकोस

"हॅलो? … कोण, ताई? इतक्या सकाळी? … नाही नाही, दुकान उघडलंय. इस्त्री तापलीय. … बोल."

लाँड्रीवालीने फोन खांदा आणि कान यांच्यात अडकवला आणि डॉक्टरांचा पांढरा कोट फळीवर पसरला. एकतीस वर्षं ती लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढत आली होती. तिची थोरली बहीण साधारण तेवढीच वर्षं पोरांच्या चुका काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. फरक एवढाच, की धाकटीकडे आलेला माल स्वच्छ होऊन परत जायचा.

"काय? निळा शर्ट? तू व्यायामाला घालतेस तो? … गरम पाण्यात किती वेळ भिजवायचा, हे तू मला विचारतेयस? … अगं, गेल्याच महिन्यात साबण कसा लावायचा ते मला शिकवत होतीस. माझ्याच दुकानात. गिऱ्हाइकांसमोर. … कसला डाग पडलाय? … डाग नाही? मग? … नुसताच धुवायचाय. … आणि दोन बटणं तुटलीत. कशी तुटली? … ताई? … ऐकतेय मी. … ऐकतेय."

इस्त्री कोटावर तशीच थांबली.

"कोण, तो गुडघ्याचे व्यायाम घ्यायला घरी येतो तो? … काल दुपारी. … हं. … हं. … नाही सांगवलं तरी चालेल. मला कळलं. … अंघोळ किती वेळा केलीस? … तीनदा."

जळका वास आला. कोटाच्या पाठीवर एक तपकिरी त्रिकोण उमटला होता. एकतीस वर्षांतला पहिला. लाँड्रीवालीने इस्त्री उचलून बाजूला उभी केली, बटण बंद केलं आणि त्रिकोणाकडे दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानातला असावा तसं पाहिलं.

"काही नाही, कोट जळला. … त्वचेच्या डॉक्टरांचा. … असू दे गं, त्यांच्याकडे सहा आहेत. तू विषय बदलू नकोस. शर्ट कुठाय? … बादलीत? पाणी घातलंस? … नाही ना? मग काढ बाहेर. … ताई, धुऊ नकोस. … हो, मीच म्हणतेय. 'सर्व काही धुऊन मिळेल' अशी पाटी आहे माझी, ठाऊक आहे मला, मीच रंगवलीय. … कागदी पिशवीत ठेव. प्लॅस्टिकच्या नको, दमट होतं. … असेल की. तू आयुष्यात एक पिशवी टाकली नाहीस. … पायजमा दुसऱ्या पिशवीत. … मला कसं ठाऊक? कागद आहे माझ्याकडे. थांब."

काउंटरच्या काचेखाली एक गुलाबी पत्रक होतं. दोन वर्षांपूर्वी ते एका नर्सच्या खिशातून निघालं, पण निघालं ते धुतल्यानंतर. लाँड्रीवालीने ते वाळवलं, त्याला इस्त्री केली आणि कपड्यांबरोबर परत दिलं. नर्स म्हणाली, राहू दे इथेच, तुमच्याकडे बायका येतात.

"वाचते हं. 'एक. आधी उपचार. तक्रार करा अथवा न करा, हॉस्पिटलने तुम्हाला तपासलंच पाहिजे.' … हो, तक्रार न करतासुद्धा. … 'दोन. अंघोळ झाली असेल, उशीर झाला असेल, तरीही या.' बघ, तुझ्या तीन अंघोळी त्यांनी आधीच धरल्यात. … 'तीन. तुम्ही ओरडला नाहीत, झटापट केली नाहीत, म्हणजे संमती दिली असं होत नाही.' … ताई? … हो, असंच लिहिलंय. छापलंय. … पुन्हा वाचू?"

तिने पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. ताईच्या एका 'गप्प बसा'ने अख्खी शाळा गप्प बसायची, शेजारची पतपेढीसुद्धा. तो आवाज काल फुटलाच नव्हता, आणि तेव्हापासून ताईने स्वतःला नापास करून ठेवलं होतं.

"अगं, झाला तुझा पुतळा तर झाला. होतो माणसाचा. नर्स म्हणाली, धडधाकट पैलवानाचासुद्धा होतो. … वय? एकसष्ट झालं म्हणून काय? … कागद पुढून मागून बघितला ताई, वयाची अट नाहीये. ती नोकरीच्या जाहिरातीत असते. … हसलीस ना? ऐकू आलं मला. … चार? चौथा मुद्दा गेलाय. … धुतला गेला. गरम पाणी. नुसतं 'तुम्हाला' उरलंय, पुढे सगळं पांढरं. … 'पाच. तपासणीच्या कुठल्याही टप्प्याला तुम्ही नाही म्हणू शकता.' … हो, मधेच थांबवूसुद्धा शकता. … आता ते राहू दे. मी शटर ओढते, आपण सरळ पोलिसात जाऊ. तिथल्या साहेबांचे दोन गणवेश माझ्याकडे पडलेत, तक्रार घेतल्याशिवाय देणारच नाही. तू एक अक्षर बोलू नकोस, मी बघते सगळं … काय? … सहावा वाचू? … वाचते की. 'सहा. तक्रार करायची की नाही, कधी करायची, हे … तुम्हीच ठरवायचं.' …"

लाँड्रीवाली स्टुलावर बसली.

"हो. कळलं. … चुकलं. … नाही, आता गप्प बसते. … जमेल मला. … बसलेय की. अर्धं मिनिट तर होऊ दे."

अर्धं मिनिट झालं. लाँड्रीवालीच्या हिशेबाने दोन झाली.

"हं, बोल. … आधी हॉस्पिटल. बरं. … बाई डॉक्टर मागायची. बरं. … आणि पोलिसांचं तिथून निघाल्यावर ठरवणार. … बरं. मी फक्त 'बरं' म्हणतेय, नोंद घे. … आठवतंय तोवर लिहून ठेवतेस? चांगलं आहे. … समास सोडून? … सोड बाई.

"चौथा? म्हटलं ना, गेलाय तो. … रिकामी जागा मी भरू? मला शाळेत कधी आलंय का ते, तूच माझा गृहपाठ करायचीस. … तू सांग."

पलीकडून उत्तर आलं. लाँड्रीवालीने काच उचलून पत्रक बाहेर काढलं आणि कपड्यांवर नंबर घालायचं पेन घेतलं. त्याची शाई धुतली तरी जात नाही.

"सावकाश सांग, लिहितेय. 'तुम्हाला … हवं ते माणूस … सोबत नेता येतं.' … अगदी हेच असणार. … मग, कोण हवंय? … नाही, विचारायला हवं. तू ठरवायचं. शेजारीण आहे, तुझ्या त्या चित्रकलेच्या बाई आहेत … बरं. … बरं गं. … आले. पंधरा मिनिटांत. … नाही, तोंड उघडणार नाही. तू खूण केलीस तरच. … हो, केस विंचरून येते. … ठेव आता. … तू ठेव. … बरं, मी ठेवते."

तिने फोन ठेवला, पत्रक पिशवीत घातलं, केस खरोखर विंचरले आणि शटर ओढलं. मग खडू घेऊन 'सर्व काही धुऊन मिळेल' या पाटीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं : 'आज नाही.'